वाचकांचे प्रश्न : शाळेच्या आणि इस्पितळाच्या दारात थांबलेले पालक

या महिन्यात हाती आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे आईवडिलांची आहेत, एक आजीचे आहे आणि एक मुख्याध्यापिकेचे. तालुके वेगळे, अडचणी वेगळ्या. तरी पत्रे एकापाठोपाठ एक वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. यांतल्या एकाही पालकाला लेखी नकार मिळालेला नाही. जे काही सांगितले गेले ते फोनवर, खिडकीतून किंवा व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितले गेले. सरकारी संस्था कुटुंबांवर सर्वाधिक अन्याय करतात तो अशाच तोंडी शब्दाने, कारण त्या शब्दाची नोंद कुठेच राहत नाही, त्यावर कोणाची सही नसते आणि त्याविरुद्ध दाद मागायला गेलेल्या पालकालाच ‘असे कोण म्हणाले?’ म्हणून उलट विचारले जाते. म्हणून पुढील उत्तरांत कायद्याइतकाच भर कागदावर दिला आहे.

प्रश्न : माझा मुलगा गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत शिकतो. त्याला स्वमग्नता आहे. गेल्या वर्षापासून आठवड्यातून तीनचार वेळा मधल्या सुटीच्या आधीच शाळेतून फोन येतो की, ‘आज तो ऐकत नाही, घेऊन जा.’ मी काजूच्या बागायतीत कामाला जाते. काम टाकून आले की त्या दिवसाची मजुरी बुडते. नवरा औद्योगिक वसाहतीत पाळीवर असतो. हजेरीपटावर मात्र मुलगा पूर्ण दिवस हजर दिसतो. ‘तुम्ही दुसरी शाळा बघितलीत तर त्याच्याच हिताचे’ असेही सुचवले जाते. मी काय करावे? (एक आई, सत्तरी)

उत्तर : ताई, मुलाला असे मध्येच घरी पाठवणे ही त्याला शाळेबाहेर काढण्याचीच एक रीत आहे, मग हजेरीपट काहीही म्हणो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांमध्ये स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कायद्याने सरकारी व मान्यताप्राप्त शाळांवर असे बंधन घातले आहे की, त्यांनी दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इतर मुलांबरोबर शिकवावे, त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात आणि त्याला वैयक्तिक आधार पुरवावा. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व नमूद असेल, तर सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत परिसरातल्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा त्याला हक्क आहे. या तरतुदीत पसंती आपली आहे. ‘दुसरी शाळा बघा’ हा सल्ला शाळा देऊ शकते, पण तो मानण्यास आपण बांधील नाही.

कायदा इतका स्पष्ट असताना हे घडते कसे, याचे उत्तर त्या फोनमध्ये आहे. फोन केल्याने शाळेचा दिवस सुरळीत पार पडतो आणि कागदावर काहीच उमटत नाही. त्याऐवजी शिक्षिकेने ‘माझ्याकडे एकाच खोलीत दोन इयत्ता आहेत, या मुलाजवळ बसायला मदतनीस हवा’ असे वर लिहिले असते, तर खात्याच्या दप्तरी त्या गरजेची नोंद झाली असती. गोव्यातल्या अनेक सरकारी प्राथमिक शाळा एकदोन शिक्षकांवर चालतात. त्या शिक्षिकेची ओढाताण खरी आहे आणि तिच्याविषयी मला सहानुभूती आहे. परंतु शाळेची गरज झाकली जाते ती आपल्या बुडालेल्या मजुरीने आणि मुलाच्या हुकलेल्या तासांनी. आपण प्रत्येक वेळी मुकाट्याने येऊन मुलाला नेता, म्हणूनच खात्याच्या लेखी त्या शाळेत सारे आलबेल आहे.

आजपासून एक साधी वही करा. फोन कोणत्या तारखेला व किती वाजता आला, कोणी केला, कारण काय सांगितले, आपण किती वाजता मुलाला घेतले, एवढेच तिच्यात लिहा. पुढचा फोन आला की लगेच त्याच क्रमांकावर संदेश पाठवा : ‘आपल्या फोनप्रमाणे मी मुलाला आज अमुक वाजता घरी नेत आहे. कृपया कारण लेखी कळवावे आणि हजेरीपटावर तशी नोंद करावी.’ या दोन वाक्यांत भांडण नाही, उर्मटपणा नाही. पण तोंडी गोष्ट त्यामुळे लेखी होते. अनेकदा एवढ्यानेच फोन कमी होतात.

त्यानंतर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा आणि त्याची प्रत तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. अर्जात तक्रारीपेक्षा मागण्या अधिक असाव्यात. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षक मुलाला नियमित भेटावा, त्याच्यासाठी वैयक्तिक आराखडा तयार व्हावा, गोंगाट असह्य झाला की थोडा वेळ बसायला शांत कोपरा मिळावा आणि कोणत्या प्रसंगी पालकांना बोलवायचे हे आधीच ठरावे. प्रत्येक प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. उत्तर न आल्यास राज्याच्या दिव्यांग व्यक्ती आयुक्तांकडे आणि बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते. तिथे ती वही आणि ते संदेशच आपली बाजू मांडतील.

प्रश्न : आपल्या सदरात नेहमी पालकांची बाजू मांडली जाते. मी वीस वर्षे शिकवते आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला बोलावले तर तीनचार पालक येतात. जे एरवी येतात ते थेट आवाज चढवतात. शिक्षकांचा मान कोणी राखायचा? (एक मुख्याध्यापिका, पेडणे)

उत्तर : बाई, आपला मान राखला गेलाच पाहिजे. आवाज चढवणाऱ्या पालकाला ‘आज बोलणे थांबवू या, उद्या अमुक वाजता बसून बोलू’ असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि ती वेळ लिहून दिली तर बहुतेक माणसे शांत होऊन परत येतात. त्या पालकाने आपल्याकडे येण्याआधी कुठे कुठे खेटे घातले असतील, हेही मनात असू द्यावे.

बैठकीबद्दल मात्र थोडे परखड लिहिते. शिक्षण हक्क कायदा २००९ ने या समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असे सांगितले आहे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा विनियोग पाहणे ही तिची कामे आहेत. असे अधिकार असलेली समिती आपण भरवतो कधी? कामाच्या दिवशी सकाळी अकराला. पालक कुंडईच्या कारखान्यात असतो, बसवर वाहक असतो, बांधकामावर असतो. त्याने रजा टाकून यावे अशी अपेक्षा आपण करतो. आल्यावर काय घडते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. खडू, शौचालयाची दुरुस्ती, माध्यान्ह आहार हे विषय वाचून दाखवले जातात, मग इतिवृत्ताची वही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरते आणि प्रत्येक आई ‘इथे ना?’ असे विचारून सही करते. मजकूर अजून लिहिलेलाही नसतो. पानाच्या तळाशी फक्त क्रमांक घातलेले असतात. ज्या सभेत आपल्या सहीखेरीज कशाचीच गरज नाही, त्या सभेला माणूस दुसऱ्यांदा कशाला येईल?

एकदा रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी सहानंतर बैठक ठेवून पाहा. विषय चार दिवस आधी कळवा. आपल्या शाळेत कर्नाटकातून आलेल्या मजूर कुटुंबांची मुले असतील, तर त्यांच्या आईवडिलांना मराठी वाचता येईलच असे नाही. कन्नड जाणणाऱ्या एखाद्या पालकाला सूचना वाचून दाखवायला सांगा. बैठकीत एका पालकाने सुचवलेली एक तरी गोष्ट पुढच्या बैठकीपूर्वी करून दाखवा, मग ती नळाला तोटी बसवण्याइतकी लहान का असेना. आणि इतिवृत्त आधी लिहा, वाचून दाखवा, सह्या मग घ्या.

प्रश्न : पती आणि मी चार वर्षांपासून वेगळे राहतो, घटस्फोट झालेला नाही आणि ते कुठे आहेत हे मला माहीत नाही. मुलगी चौथी उत्तीर्ण झाली. पाचवीसाठी जवळच्या अनुदानित विद्यालयात गेले तेव्हा कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज परत केला. ‘वडिलांची सही हवी, नाहीतर कोर्टाचा कागद आणा’ म्हणाले. वडील काय करतात, किती कमावतात हेही सर्वांसमोर विचारले. जुन्या शाळेचा दाखलाही अजून मिळालेला नाही. (एक आई, डिचोली)

उत्तर : ताई, सर्वांसमोर झालेली ती विचारपूस आधी बाजूला ठेवू, कारण तिला कायद्याचा कसलाही आधार नाही. प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची छाननी करण्यास शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे; पहिल्या उल्लंघनाला पंचवीस हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे.

आता सहीविषयी. याच कायद्यात पालकाची व्याख्या दिली आहे : मुलाचे जन्मदाते, सावत्र किंवा दत्तक वडील अथवा आई. ‘अथवा’ असे असल्यामुळे आपण एकट्या पूर्ण पालक आहात आणि आपली सही पुरेशी आहे. पारपत्रासारख्या कडक नियमांच्या कागदावरही डिसेंबर २०१६ पासून आईवडिलांपैकी एकाचेच नाव पुरते. अविवाहित मातेला पालकत्वासाठी वडिलांचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये दिला. आपले प्रकरण निराळे असले, तरी न्यायालये आणि खाती कोणत्या दिशेने गेली आहेत हे त्यावरून दिसते. देशाचे सर्वोच्च न्यायालय जे मागत नाही, ते शाळेच्या खिडकीवर मागितले जाते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. गोव्यात विवाह, पालकत्व आणि मालमत्ता यांबाबत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कायदा चालतो. त्यामुळे ताबा, पोटगी किंवा मुलीच्या नावावरची मालमत्ता असे प्रश्न उद्भवले, तर इथल्याच वकिलाचा सल्ला घ्या. शेजारच्या राज्यातल्या नातेवाइकाने सांगितलेले नियम इथे लागू पडतीलच असे नाही. पाचवीचा प्रवेश हा मात्र ताब्याचा वाद नव्हे, आणि त्यासाठी न्यायालयाची पायरी चढण्याचे कारण नाही.

दाखल्याचे उत्तर आणखी सोपे आहे. आपल्याकडे बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा चौथीलाच संपतात. नेमक्या अशा मुलांसाठी कायद्यात तरतूद आहे : आठवीपर्यंतची सोय नसलेल्या शाळेतून सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा मुलाला हक्क आहे, जुन्या शाळेने दाखला तात्काळ द्यायचा आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही.

आपण प्रवेशअर्ज स्वतःच्या सहीने, मुलीच्या जन्मदाखल्याच्या प्रतीसह पुन्हा सादर करा आणि पोच मागा. घ्यायला नकार दिल्यास तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवा. सोबत एक ओळ जोडा : ‘वडिलांची सही कोणत्या नियमानुसार आवश्यक आहे ते कृपया लेखी कळवावे.’ तसा नियमच नसल्याने बहुधा प्रवेशच मिळेल. न मिळाल्यास भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. कायद्यानुसार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. जून तोंडावर असताना तीन महिने फार होतात, म्हणून तक्रारीत मुलीला तात्पुरते वर्गात बसू द्यावे ही मागणी सर्वांत वर लिहा.

ते विद्यालय अल्पसंख्याक संस्थेचे आहे का, हेही पाहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०१४ च्या निकालामुळे अशा संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, आणि गोव्यात अशी विद्यालये बरीच आहेत. तसे असले तरी अनुदान सरकारचे आहे, त्यामुळे शिक्षण खात्याकडे दाद मागता येतेच.

प्रश्न : माझा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. सुनेचे बाळंतपण सातव्या महिन्यात सरकारी इस्पितळात झाले. कळा सुरू असताना ती एकटीच आत होती, मला बाहेर थांबवले. आता बाळ काचेच्या पेटीत आहे. आईवडिलांखेरीज कोणी विचारायचे नाही म्हणतात, आणि सून अजून नीट उभी राहू शकत नाही. बाळ कसे आहे हे आम्हाला कोणीच सांगत नाही. (एक आजी, काणकोण)

उत्तर : आजी, आपले पत्र वाचून मन फार कळवळले. बाळाची तब्येत सुधारत असेल, अशी आशा बाळगून लिहिते.

प्रसूतीच्या वेळी सोबत एक बाई असू द्यावी, हे केंद्र सरकारने २०१६ मध्येच सार्वजनिक इस्पितळांसाठी मान्य केले आहे. ती नात्यातली असावी, शक्यतो तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने स्वच्छ कपड्यात यावे आणि डॉक्टरांच्या कामात अडथळा आणू नये, एवढ्याच अपेक्षा आहेत. म्हणजे त्या खोलीत सुनेचा हात धरून बसायला आपल्याइतके योग्य माणूस दुसरे नव्हते. ती वेळ गेली. पण आपल्या वाडीवरच्या पुढच्या गर्भवतीला हे आधीपासून माहीत असू द्या आणि नाव नोंदवतानाच तिला सोबतिणीचे नाव सांगायला लावा.

काचेच्या पेटीतल्या बाळाविषयीही सरकारचीच भूमिका आपल्या बाजूची आहे. नवजात शिशू दक्षता कक्षात कुटुंबाला सामील करून घेण्याबाबत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. आईला आणि घरच्यांना हात धुण्याची रीत शिकवावी, स्वच्छ झगा द्यावा, दूध पाजणे, बाळाला उचलणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे शिकवावे, असे त्यांत आहे. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली, कारण तिथे पेट्या अपुऱ्या होत्या. आज ती जगभर मानली जाते. वडील जवळ नसताना आजीनेही बाळाला असे धरता येते. सुनेला अशक्तपणा आहे तोवर आपल्याला शिकवावे, अशी विनंती करा.

व्हरांड्यात चटई टाकून, डबा उशाशी ठेवून बसलेली माणसे प्रत्येक पांढऱ्या कोटाकडे आशेने बघतात आणि कोट झपाझप पुढे निघून जातात, हे मी पाहिले आहे. डॉक्टरांना वेळ नसतो हे खरे. पण दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, पाच मिनिटे बोलले तर दिवसभराचे सारे प्रश्न तिथेच मिटतात आणि त्यांचाही त्रास वाचतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत पहिलाच हक्क माहिती मिळण्याचा आहे. तेव्हा सुनेच्या सहीने कक्षप्रमुखांना चार ओळी द्या : ‘बाळाचे वडील समुद्रावर आहेत. माझ्या वतीने माझ्या सासूबाईंना बाळाच्या प्रकृतीची माहिती द्यावी आणि भेटू द्यावे.’ सून सज्ञान आहे, आई आहे. तिची परवानगी पुरेशी आहे. माहिती सांगितली जाईल तेव्हा चार गोष्टी लिहून घ्या : आजचे वजन, किती व कसे दूध घेतले, श्वासाला आधार लागतो का, पुढची तपासणी कधी. मुलाला फोनवर सांगतानाही त्याच उपयोगी पडतील.

प्रश्न : वरच्या साऱ्या अर्जांसारखे अर्ज मराठीत केले तर चालतात का? पंचायतीतून ‘इंग्रजीत लिहून आणा’ म्हणतात आणि टंकलेखकाला पैसे मोजावे लागतात. मागच्या वेळी मुलाच्या जन्मदाखल्यावर नाव घालण्यासाठी गेलो तेव्हाही तेच झाले. (एक वडील, फोंडा)

उत्तर : चालतात. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीचाही शासकीय कामकाजासाठी वापर करता येईल असे नमूद केले. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर देण्याचे सरकारचे धोरण आहे. हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिलेला अर्जही ग्राह्य असतो. नोंद झालेल्या जन्मावर मुलाचे नाव एका वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येते आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. अर्ज परत केला गेला, तर त्याच अर्जाच्या मागे ‘भाषेच्या कारणावरून स्वीकारला नाही’ असे लिहून तारीख व सही मागा. बहुतेक वेळा सही करण्याऐवजी अर्जच घेतला जातो.